‘कॉपी झालं’ असं दिसतं, पण पेस्ट केल्यावर जुनाच मजकूर येतो

बटण दाबलं, ‘कॉपी झालं’ असा संदेश आला, दुसऱ्या विंडोत जाऊन पेस्ट केलं आणि तिथे मघाशी कधीतरी कॉपी केलेला भलताच मजकूर उमटला. क्लिपबोर्डला, म्हणजे कॉपी केलेला मजकूर पेस्ट होईपर्यंत जिथे राहतो त्या जागेला, हात लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपकडे ही तक्रार येते. दुरुस्त झाली असं वाटतं, काही महिन्यांनी पुन्हा येते, आणि तपासायला बसलं की आपल्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. वेगवेगळ्या प्रकल्पांत मी या एकाच तक्रारीमागे बरेच दिवस घालवले आहेत. ती किरकोळ समजून बाजूला टाकू नका. वापरणाऱ्याने खाते क्रमांक कॉपी केला असेल आणि पेस्ट झालेला क्रमांक त्याने नीट पाहिला नसेल, तर पैसे चुकीच्या माणसाकडे जातात. त्याने विश्वास ठेवला तो आपण दाखवलेल्या संदेशावर.

गोंधळाची सुरुवात आपल्या डोक्यातल्या चित्रापासून होते. कोड लिहिताना आपण क्लिपबोर्डला ग्लोबल व्हेरिएबल समजतो: किंमत ठेवली, हवी तेव्हा काढली. प्रत्यक्षात विंडोजमध्ये ती सगळ्या प्रोग्रॅम्सच्या सामाईक वापराची वस्तू आहे आणि एका वेळी एकालाच उघडता येते. लिनक्सच्या एक्स११मध्ये (पडद्यावरच्या विंडोज सांभाळणारी जुनी व्यवस्था) तर साठवणीची जागाच नाही. ‘मागाल तेव्हा देईन’ एवढं एका प्रोग्रॅमने दिलेलं वचन असतं. ब्राउझरमध्ये मध्ये परवानगीचं दार आहे. तिन्ही ठिकाणी लिहिणं फसू शकतं, म्हणून नेटवर्कवरच्या विनंतीला जसं आपण उत्तर मागतो तसंच इथेही मागायला हवं.

आधी संदेश दुरुस्त करा

कारण शोधण्यापूर्वी एक काम उरकून घ्या. ‘कॉपी झालं’ हा संदेश कुठल्या ओळीवर दाखवला जातो ते पाहा. बहुतेक कोडमध्ये क्लिपबोर्डवर लिहिणारी ओळ असते आणि लगेच खाली संदेशाची ओळ. वेबवर राइटटेक्स्ट हे क्लिपबोर्डवर लिहिणारं फंक्शन प्रॉमिस परत करतं, म्हणजे ‘काम झालं’ किंवा ‘नकार’ असं उत्तर मागाहून देणारी वस्तू. त्याची वाट पाहिली नाही आणि नकार पकडला नाही, तर लिहिणं फसलं तरी संदेश येतोच. क्लिपबोर्डवर आधीचं जे असेल ते तसंच राहतं, आणि पेस्ट केल्यावर तेच बाहेर पडतं.

संदेश प्रॉमिस पूर्ण झाल्यावरच दाखवा. नकार आला तर मजकूर एका चौकटीत निवडलेल्या अवस्थेत समोर ठेवा आणि हाताने कॉपी करायला सांगा. एररचं नाव लॉगमध्ये जाऊ द्या, मजकूर मात्र कधीही नाही, कारण लोक क्लिपबोर्डवर पासवर्डही ठेवतात. एवढं केल्यावर ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ या तक्रारीच्या जागी एररची नावं दिसू लागतात आणि खरा तपास सुरू होतो.

वेब

‘क्लिपबोर्ड अनडिफाइन्ड आहे’ अशी एरर दिसली तर पान एचटीटीपीएसवर आहे का ते बघा. ब्राउझरच्या नॅव्हिगेटर या ऑब्जेक्टवरचा क्लिपबोर्ड फक्त सुरक्षित संदर्भात, म्हणजे एचटीटीपीएसवरच्या पानात, मिळतो. लोकलहोस्टला, म्हणजे आपल्याच मशीनवरून उघडलेल्या पानाला, यातून सूट आहे, म्हणून आपल्या मशीनवर चालतं. तेच पान फोनवरून तपासायला मशीनचा स्थानिक आयपी पत्ता साध्या एचटीटीपीने उघडला की क्लिपबोर्ड गायब होतो. कंपनीअंतर्गत पोर्टल साध्या एचटीटीपीवर असतं तिथेही हेच घडतं. कोडमध्ये काही बदलायची गरज नसते. प्रमाणपत्र बसवावं लागतं.

‘नॉट अलाउड’ ही एरर जास्त छळते, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी कारणं येतात. पान फोकसमध्ये नसलं, म्हणजे टाइप केलेलं त्या पानाकडे जात नसलं, तरी ती येते. डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये तीच ओळ चालवून पाहणारा हमखास इथे अडकतो: फोकस कन्सोलमध्ये असतो, पानात नसतो. आपलं पान दुसऱ्या संकेतस्थळाच्या आयफ्रेममध्ये (पानाच्या आत दुसरं पान दाखवणारी चौकट) बसवलं असेल, तर क्रोमियमवर आधारित ब्राउझर त्या आयफ्रेमच्या ‘अलाव’ गुणधर्मात क्लिपबोर्ड-राइटची नोंद मागतात, आणि ती नोंद बाहेरच्या पानाच्या मालकानेच करायची असते. आपण आतून काहीही केलं तरी फरक पडत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो या प्रकाराने. ‘दुवा कॉपी करा’ असं बटण होतं. दाबल्यावर सर्व्हरकडून ताजा दुवा मागवायचा, तो आला की क्लिपबोर्डवर लिहायचा. क्रोममध्ये चालायचं. सफारीत कॉपी कधीकधी व्हायचीच नाही. कारण असं की ब्राउझर वापरणाऱ्याच्या कृतीला जोडून लिहायची मुभा देतो, आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात तो धागा तुटतो. सफारी याबाबत कडक आहे, क्रोमियमवाले सैल. दुवा आधीच कॅशमध्ये (पूर्वी आणून जवळ साठवलेल्यात) असला की वाट पाहावी लागत नसे, म्हणून ‘कधीकधी’.

इथे टायमर लावून किंवा पुन्हा प्रयत्न करून काही साधत नाही, मी दोन्ही करून पाहिलं. योग्य मार्ग उलटा आहे: क्लिपबोर्डवर लिहायची हाक क्लिकच्या हँडलरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ताबडतोब द्यायची आणि मजकूर मागाहून पुरवायचा. क्लिपबोर्ड-आयटम (क्लिपबोर्डवर ठेवायच्या मजकुराची वस्तू) बनवताना मजकुराच्या जागी थेट प्रॉमिस देता येतं. सर्व्हरचं उत्तर आलं की ते प्रॉमिस पूर्ण होतं आणि ब्राउझर स्वतः लिहून घेतो. फायरफॉक्समध्ये क्लिपबोर्ड-आयटम २०२४पासून आहे, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळी वाट ठेवावी लागते. शक्य असेल तर त्याहून सोपं करा: दुवा पान उघडतानाच मागवून ठेवा, म्हणजे क्लिकच्या वेळी वाट पाहायला काही उरतच नाही.

जुनी एक्झेक-कमांडची पद्धत (निवडलेला मजकूर कॉपी करायला लावणारं ब्राउझरचं जुनं फंक्शन) पर्याय म्हणून ठेवली असेल तर दोन गोष्टी तपासा. ती खरं-खोटं असं उत्तर देते, ते वाचा. आणि कॉपीचा मजकूर ठेवायला लपवलेला टेक्स्टएरिया (मजकुराची चौकट) पानाच्या बॉडीला जोडत असाल, तर मोडल संवाद (बाकी पान अडवून वर उघडणारी चौकट) उघडा असताना तो फोकस घेऊ शकत नाही, कारण संवादाबाहेरचं सगळं पान त्या वेळी निष्क्रिय असतं. मग निवड होतच नाही आणि कॉपीही होत नाही. टेक्स्टएरिया संवादाच्या आतच जोडायचा.

वाचण्याबद्दल माझं मत ठाम आहे. वापरणारा स्वतः कंट्रोल आणि व्ही दाबणार असेल तर रीडटेक्स्टच्या (क्लिपबोर्ड वाचणाऱ्या फंक्शनच्या) वाटेला जाऊ नका. पेस्ट इव्हेंट, म्हणजे पेस्ट होताना ब्राउझर देतो ती सूचना, ऐका. त्यात मजकूर परवानगी न विचारता मिळतो. रीडटेक्स्ट वापरलं तर क्रोम परवानगी विचारतो, सफारी आणि फायरफॉक्स छोटं ‘पेस्ट’ बटण दाखवतात, आणि ते काय आहे हे न कळून लोक बाजूला क्लिक करतात. पुन्हा ‘नॉट अलाउड’.

विंडोज: दार कोणीतरी अडवलंय

डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये हीच तक्रार ‘क्लिपबोर्ड उघडता आला नाही’ या एररच्या रूपात येते. ओपनक्लिपबोर्ड हे फंक्शन दुसऱ्या विंडोने क्लिपबोर्ड उघडून ठेवला असेल तर अपयशी ठरतं. दार अडवणारे बहुधा क्लिपबोर्डवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम असतात: इतिहास साठवणारी साधनं, दूरच्या मशीनशी क्लिपबोर्ड जुळवून घेणारे प्रोग्रॅम, भाषांतराची पूरक साधनं. नवं काही आलं की हे सगळे एकदम वाचायला धावतात. आपण पाठोपाठ दोनदा लिहिलं, तर दुसऱ्या वेळी हमखास कोणीतरी दारात उभं असतं.

उपाय म्हणजे थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजची अ‍ॅप बनवायचा मायक्रोसॉफ्टचा संच) क्लिपबोर्डवर लिहिणारं सेटडेटाऑब्जेक्ट मुळातच १०० मिलिसेकंदांच्या अंतराने १० वेळा प्रयत्न करतं, आणि हे आकडे आपल्याला बदलताही येतात. थेट विन३२ (विंडोजची मूळ फंक्शनं) वापरत असाल तर हे स्वतः लिहावं लागतं. प्रयत्नांना मर्यादा घाला, कारण इंटरफेसच्या थ्रेडवर (विंडो रंगवणाऱ्या कामाच्या ओळीवर) दहा फेऱ्या म्हणजे सेकंदभर गोठलेली विंडो. तेवढ्यानेही भागलं नाही तर क्लिपबोर्ड कोणत्या विंडोने उघडलाय हे सांगणाऱ्या गेटओपनक्लिपबोर्डविंडोला विचारा, आलेल्या विंडोवरून प्रक्रियेचा क्रमांक काढा आणि लॉगमध्ये टाका. एका प्रकल्पात आम्ही आठवडाभर आमचा कोड उलटापालटा केला. ही एक नोंद टाकल्यावर अर्ध्या तासात कळलं की त्या कार्यालयातल्या प्रत्येक मशीनवर बसवलेलं एक छोटं साधन क्लिपबोर्ड उघडायचं आणि बराच वेळ बंद करायचं नाही. ही नोंद पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

आपण स्वतःही दार अडवत असू शकतो. उघडल्यानंतर मध्येच एरर आली आणि फंक्शन परतलं, क्लोजक्लिपबोर्ड राहूनच गेलं, तर त्याचा त्रास मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रॅम्सना होतो. उघडणं आणि बंद करणं एकाच जागी बांधा, मधली वाट कुठलीही असो. ओपनक्लिपबोर्डला विंडोच्या जागी नल (‘काहीच नाही’ असं मूल्य) देऊ नका: त्यानंतर रिकामं करण्याच्या पायरीवर क्लिपबोर्डचा मालकच नल होतो आणि मजकूर ठेवणारं सेटक्लिपबोर्डडेटा फसतं. आणि यशस्वीपणे दिलेली मेमरी परत मोकळी करू नका, ती आता सिस्टिमची झाली.

डॉटनेटमध्ये आणखी एक नेहमीचा अडथळा थ्रेडचा. क्लिपबोर्डसाठी एसटीए (सिंगल-थ्रेडेड अपार्टमेंट) प्रकारचा थ्रेड लागतो. अवेटनंतर, म्हणजे एखाद्या कामाची वाट पाहून झाल्यावर, कोड पूलमधल्या (सामाईक साठ्यातल्या) थ्रेडवर गेला असेल तर ‘थ्रेडस्टेट’ची एरर येते, आणि ती पुन्हा प्रयत्न करून जात नाही. या दोन एरर वेगवेगळ्या पकडा. एकाच कॅचमध्ये गिळल्या तर पुढचा तपास अंधारात होतो.

परत ठेवण्याचा घोटाळा

शीर्षकातल्या तक्रारीचं हे सर्वांत फसवं रूप आहे. लघुरूपावरून लांब मजकूर भरणारं किंवा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मजकूर घालणारं साधन अनेकदा असं काम करतं: क्लिपबोर्डवरचं जुनं जपून ठेव, आपला मजकूर लिही, कंट्रोल-व्ही पाठव, जुनं परत ठेव. हेतू चांगला आहे, वापरणाऱ्याने कॉपी केलेलं हरवू नये.

पण कंट्रोल-व्ही पाठवणं म्हणजे पेस्ट होणं नव्हे. ती कळ समोरच्या अ‍ॅपच्या रांगेत पडते; ते अ‍ॅप आपल्या सवडीने क्लिपबोर्ड वाचतं. त्याआधी आपण जुनं परत ठेवलं की त्याला जुनंच मिळतं. वेगवान मशीनवर आणि छोट्या एडिटरमध्ये हे दिसत नाही. जड अ‍ॅपमध्ये किंवा दूरच्या डेस्कटॉपवर रोज दिसतं.

थांबण्याचा वेळ वाढवला की तक्रारी कमी होतात, संपत नाहीत. ‘आता वाचून झालं’ असं खात्रीने सांगणारी सोय कुठेही नाही. एक्स११मध्ये मागणी आली हे मालक प्रोग्रॅमला कळतं, विंडोजमध्ये मजकूर उशिरा पुरवण्याच्या पद्धतीत मागणीच्या वेळी संदेश येतो. पण मागणारं समोरचं अ‍ॅप आहे की इतिहास साठवणारं साधन, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय परत ठेवताना बहुतेक कोड फक्त साधा मजकूर ठेवतो. जुन्यात चित्र, फाइल किंवा सजवलेला मजकूर असेल तर तो गेलाच.

म्हणून मजकूर छोटा असेल तर क्लिपबोर्ड वगळा. विंडोजमध्ये कळ दाबल्याचं भासवणाऱ्या सेंडइनपुटला युनिकोडचा पर्याय दिला की अक्षरं थेट टाइप करता येतात. मजकूर मोठा असेल तर क्लिपबोर्ड वापरा आणि जुनं परत ठेवायचं नाही, हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा. अर्धवट परत ठेवण्यापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

लिनक्स, मॅक आणि फोन

एक्स११मध्ये कॉपी करून प्रोग्रॅम बंद केला की मजकूर नाहीसा होतो, कारण वचन देणारा उरला नाही. डेस्कटॉपवर क्लिपबोर्ड मॅनेजर चालू असेल तर तो सांभाळून घेतो, नसेल तर नाही; म्हणून एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही. छोट्या कमांड-लाइन साधनाने कॉपी करायची असेल तर एक्सक्लिपसारखा प्रोग्रॅम वापरा, तो मागे राहून मजकूर पुरवत बसतो. याच कारणाने त्याचं आउटपुट पकडायला बसलेली स्क्रिप्ट अडकून राहते: मागे राहिलेल्या प्रक्रियेने आउटपुट उघडंच ठेवलेलं असतं. आउटपुट डेव्ह-नलकडे (आलेलं सगळं टाकून देणाऱ्या खास फाइलकडे) वळवा. आणखी एक, मजकूर निवडून मधलं बटण दाबल्यावर येतो तो प्रायमरी, कंट्रोल-सीचा तो क्लिपबोर्ड. हे दोन वेगळे आहेत, आणि एक्सक्लिप काही सांगितलं नाही तर प्रायमरीत लिहितं. वेलँडवर (एक्स११च्या जागी आलेली नवी व्यवस्था) साध्या विंडोला फोकस असतानाच क्लिपबोर्ड मिळतो, त्यामुळे पार्श्वभूमीत बसून वाचणारा जुना कोड तिथे गप्प पडतो.

मॅकवर लिहिण्याआधी क्लिपबोर्ड रिकामा करणारं क्लिअरकंटेंट्स चालवावं लागतं. ते राहिलं तर लिहिणं खोटं उत्तर देऊन परततं आणि जुना मजकूर तसाच राहतो. पीबीकॉपी (मजकूर क्लिपबोर्डवर ठेवणारी मॅकची कमांड) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट्स बनवायची पद्धत, लोकेलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) ठरवतं. टर्मिनलमधून मराठी मजकूर नीट जातो आणि वेळापत्रकावर चालणाऱ्या स्क्रिप्टमधून त्याचा चिखल होतो, तो लँग हे व्हेरिएबल तिथे ठरवलेलं नसल्यामुळे.

अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, फोकस असलेलं अ‍ॅप किंवा मुख्य कीबोर्ड यांनाच क्लिपबोर्ड वाचता येतो. ऑन-रिझ्यूममध्ये (अ‍ॅप समोर येताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वाचलं तर रिकामं मिळतं, कारण विंडोला फोकस अजून आलेला नसतो. फोकस बदलल्याच्या कॉलबॅकमध्ये वाचा. मोठा मजकूर थेट ठेवू नका: प्रक्रियांमधल्या देवाणघेवाणीला सुमारे १ एमबीची मर्यादा आहे, ती ओलांडली की अ‍ॅप कोसळतं. आयओएस १४ने २०२०मध्ये वाचल्याची पट्टी दाखवायला सुरुवात केली आणि आयओएस १६ परवानगीच विचारतं. अ‍ॅप उघडताच क्लिपबोर्ड चाळायची सवय असेल तर ती सोडा; मजकूर दुव्यासारखा आहे का एवढंच हवं असेल तर न वाचता ते विचारायची सोय आहे.

मराठी मजकूर बिघडत असेल तर

प्रश्नचिन्हं येत असतील तर विंडोजवर तुम्ही मजकुराचा सीएफ-टेक्स्ट हा जुना प्रकार वापरताय, युनिकोडचा सीएफ-युनिकोडटेक्स्ट वापरा. शेवटी कचरा अक्षरं येत असतील तर समाप्तीचा शून्य राहिला आहे किंवा मेमरी कमी मागितली आहे.

सजवलेल्या मजकुराचा दोष मात्र इंग्रजी चाचण्यांत कधीच सापडत नाही. विंडोजच्या एचटीएमएल प्रकारात सुरुवातीला एक शीर्षभाग असतो आणि त्यात तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो याचे आकडे द्यायचे असतात. हे आकडे यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधल्या बाइट्सचे असतात, अक्षरांचे नाहीत. ‘नमस्कार’ या शब्दात युनिकोडचे ७ कोड-पॉइंट (अक्षरं आणि चिन्हांचे क्रमांक) आहेत आणि बाइट्स २१. स्ट्रिंगची लांबी मोजून आकडे भरले तर इंग्रजी मजकूर अचूक पेस्ट होतो आणि मराठी मजकूर मध्येच तुटतो. आधी बाइट्समध्ये बदला, मग मोजा.

वाचलेला मजकूर ताडून पाहत असाल तर ओळींचे शेवट एकसारखे करून घ्या, विंडोजवर ते दोन अक्षरांचे असतात. स्प्रेडशीटमधला खाना कॉपी केला तर शेवटी नवी ओळ चिकटून येते. परवाना-क्रमांकासारख्या चौकटीत ती कापा, पण मोठ्या मजकुराच्या चौकटीत कापू नका.

पासवर्ड पुसताना

गुप्त मजकूर ठेवत असाल तर तो गुप्त आहे हे सिस्टिमला सांगा. विंडोज १०मध्ये २०१८पासून क्लिपबोर्डचा इतिहास आहे, त्यातून वगळण्यासाठी खास फॉरमॅट ठेवता येतो. अँड्रॉइड १३मध्ये ‘संवेदनशील’ अशी खूण करता येते, म्हणजे पडद्यावरच्या झलकेत मजकूर दिसत नाही.

काही सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसणारा टायमर लावला असेल, तर त्यानेच नवी तक्रार जन्माला येते: ‘मी कॉपी केलेलं आपोआप गायब होतं’. तेवढ्या वेळात वापरणाऱ्याने दुसरंच काही कॉपी केलेलं असतं आणि आपण ते पुसतो. लिहून झाल्याबरोबर विंडोजवर क्लिपबोर्डचा सिक्वेन्स नंबर, मॅकवर चेंजकाउंट टिपून ठेवा; क्लिपबोर्ड बदलला की हे आकडे बदलतात. टायमर वाजला की तो पुन्हा वाचा, आणि आकडा तोच असेल तरच पुसा.